गोव्यात राहून मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा आहे. आधी काय काय माहीत असायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, डिचोलीचं हिंदू घर, पणजीत नोकरी. काही आठवडे मॉर्मन मिशनरींकडून शिकता आहात, त्यांनी बाप्तिस्म्याची तारीख सुचवली आहे, घरी अजून कुणाला काही माहीत नाही. यात नेमकं काय होतं, काय सोडावं लागतं आणि जातीच्या दाखल्याचं, वारशाचं काय होतं, हे तुम्हाला हवं आहे. मी याच चर्चची सभासद आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरीही पहिला सल्ला हाच की घरी सांगून झाल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

मिशनरी तारीख लवकर सुचवतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. पहिल्या दोन-तीन भेटींतच ते ‘अमुक रविवारी तयार व्हाल का’ असं विचारतात. तो आदेश नसतो. ‘मला तीन महिने हवेत’ एवढं सांगितलं तरी शिकवणं चालू राहतं. त्यांचे पाठ ठरलेले असतात: चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्यामार्फत चर्च पुन्हा स्थापन झालं तो पाठ (चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३०, न्यूयॉर्क राज्यात), मग जन्माआधी आणि मृत्यूनंतर काय याचा पाठ, मग श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, आणि पुढे आज्ञा. पाठ महिन्याभरात उरकतात. सवयी महिन्याभरात बदलत नाहीत, आणि घरचे तर नाहीतच.

या काळात तुमच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. रविवारच्या सभेला वरचेवर जाणं आणि मॉर्मनचं पुस्तक (चर्चचा धर्मग्रंथ) वाचून स्वतः प्रार्थना करणं. पुस्तक हिंदीत मिळतं. पहिल्या पानापासून सुरुवात केली की दुसऱ्या नेफीत (नेफी, मोसाया, आल्मा, मोरोनी ही पुस्तकातल्या भागांची नावं) बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे अध्याय येतात आणि तिथे बहुतेकांचं वाचन अडतं. त्यापेक्षा आधी तिसऱ्या नेफीचा ११वा अध्याय, मग मोसायाचा १८वा, मग आल्माचा ३२वा वाचा. शेवटी मोरोनी १०, वचनं ३ ते ५. मिशनरी ज्या प्रार्थनेबद्दल बोलतात ती तिथे आहे. मोसाया १८ नीट वाचाच, कारण बाप्तिस्म्यात तुम्ही जो करार करता तो त्याच अध्यायात आहे: एकमेकांचं ओझं उचलणं, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करणं, कुठेही असलात तरी देवाचे साक्षीदार म्हणून उभं राहणं.

त्याचबरोबर चर्चच्या इतिहासातला अवघड भागही आधीच वाचा. सुरुवातीच्या काळात बहुपत्नीत्व होतं, जोसेफ स्मिथ यांनीही अनेक लग्नं केली होती, आणि ती प्रथा थांबवल्याची जाहीर घोषणा १८९० मध्ये झाली. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद मिळत नव्हतं, ते जून १९७८ मध्ये मिळालं. या विषयांवर चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर सविस्तर लेख ठेवले आहेत. हे बाप्तिस्म्यानंतर एखाद्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओतून कळलं, तर आपल्याला फसवलं असं वाटतं, आणि लोक चर्च सोडतात ते बऱ्याचदा त्याच धक्क्याने. आधी वाचून, प्रश्न विचारून जे उतरतात ते टिकतात.

आता काय सोडायचं. दारू, तंबाखू, चहा, कॉफी. विडी, गुटखा आणि व्हेपही त्यातच आले. गोव्यात फेणी-हुर्राकला नाही म्हणणं त्या मानाने सोपं असतं. हिंदू घरातल्या मुलीला कुणी आग्रहही करत नाही. खरी अडचण चहाची. चहाच्या झाडाची पानं ज्यात आहेत ते सगळं वर्ज्य, म्हणजे ग्रीन टी आणि आइस टीसुद्धा. कॉफी थंड असली तरी कॉफीच. पण परसातला गवती चहा, आलं, पुदिना उकळून, चहाची भुकटी न घालता घेतला तर चालतो, कारण त्यात चहाचं पान नाही. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा, कोला, सगळं चालतं. काजूचा ताजा नीरो (बोंडांचा रस) आंबलेला नसतो, तेव्हा तोही चालेल, पण तो उन्हात काही तासांतच आंबायला लागतो. सकाळी काढलेला सकाळीच प्यायचा, दुपारचा नको.

चहा एका दिवसात तोडू नका. दिवसाला चार कप घेणाऱ्याने अचानक बंद केला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि ते दुखणं आठवडाभरही राहू शकतं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा. कुणाकडे गेल्यावर कप समोर आल्यावर नाही म्हटलं की यजमानाला लागतं. पाणी विचारतात तेव्हाच ‘मला कोकम चालेल’ म्हणून टाकावं, विषय तिथेच मिटतो.

पैशांचं सरळ आहे: उत्पन्नाचा दहावा भाग. पगार १८,००० असेल तर दशमांश १,८००. ढोबळ पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या रकमेवर, हे चर्च ठरवून देत नाही, तुम्ही ठरवायचं. शिवाय महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या रविवारी, लागोपाठ दोन जेवणं सोडायची आणि त्यांची किंमत किंवा जास्त गरिबांसाठी द्यायची. हा एकादशीसारखा साबुदाण्याचा उपास नाही, यात पाणीही घेत नाहीत. मधुमेह असलेल्यांना, आजाऱ्यांना, गरोदर बायकांना सूट आहे. बिशप आणि ब्रांच अध्यक्ष (स्थानिक मंडळीचे प्रमुख) पगारी नसतात, तेव्हा हा पैसा त्यांच्या घरी जात नाही. उलट तुम्हाला कुणी पैसे, नोकरी, परदेशी स्थळ असलं काही दाखवून बोलावत असेल, तर तिथून निघा. इंग्रजीचे मोफत वर्ग बाप्तिस्म्याशिवायही करता येतात, त्यासाठी पाण्यात उतरायची गरज नाही.

रविवारी सभा दोन तासांची: पहिला तास प्रभुभोजनाचा (भाकर आणि पाणी, द्राक्षारस नाही), दुसरा वर्गांचा. तुमच्या जवळची सभा कुठे आणि किती वाजता ते चर्चच्या संकेतस्थळावर नकाशातून सापडतं. रविवारी कदंबा बसच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा येण्याजाण्याचं आधीच जुळवा. हॉटेलात रविवारची पाळी असेल तर तेवढ्यावरून बाप्तिस्मा नाकारत नाहीत. पाळी बदलून मिळते का ते विचारा, नाहीच मिळाली तर ब्रांच अध्यक्षांना सांगा.

लग्नाबाहेर शरीरसंबंध नाही, ही आज्ञा ते स्पष्ट विचारतात. एकत्र राहणाऱ्या जोडप्याला आधी लग्न करावं लागतं किंवा वेगळं व्हावं लागतं. विवाहित व्यक्तीला जोडीदाराची संमती लागते, अल्पवयीनाला पालकांची. तुम्हाला २२व्या वर्षी कुणाच्याच सहीची गरज नाही. आणि इथेच बरेच तरुण घसरतात. सही लागत नाही म्हणजे सांगायची गरज नाही, असं त्यांना वाटतं. गोव्यात कुणाची गाडी कुठे उभी होती हे संध्याकाळपर्यंत वाड्यावर कळतं. आईला ते शेजारणीकडून कळलं तर भांडण श्रद्धेचं राहत नाही, लपवल्याचं होतं, आणि ते वर्षानुवर्षं मिटत नाही.

सांगताना आईवडिलांपैकी जे शांतपणे ऐकून घेतात त्यांना आधी सांगा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) किंवा जत्रेच्या आठवड्यात नको, पाहुणे घरात असताना नको. ‘मी धर्म बदलते’ या वाक्याने सुरुवात करू नका. इतके दिवस काय वाचलं, काय पटलं, आणि घरातलं काय बदलणार नाही, ते सांगा. त्यांना रविवारच्या सभेला एकदा या म्हणा. येणार नाहीत कदाचित, पण दार उघडं असल्याचं त्यांना कळतं. मिशनरींना घरी भेटायला आणायचं असेल तर आईवडिलांनी होकार दिल्यावरच.

चवथीचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारतील. उत्तर तयार ठेवा. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधायला हात लावणं, नेवऱ्या करणं, पाहुण्यांना वाढणं यात चर्चची आडकाठी नाही, आणि तुम्ही ते सोडू नये असं मला कळकळीने वाटतं. पूजेला बसणं, आरती करणं ही उपासना आहे, आणि करारानंतर ती तुम्ही करणार नाही हे त्यांना आधी, प्रेमाने कळायला हवं, आरतीचं ताट हातात आल्यावर नव्हे.

बाप्तिस्म्याआधी मुलाखत होते. तुम्हाला शिकवणारे मिशनरी ती घेत नाहीत, त्यांच्यावरचा मिशनरी पुढारी घेतो. प्रश्न ठरलेले: देव पिता आणि येशू ख्रिस्तावर विश्वास आहे का, जोसेफ स्मिथ संदेष्टे होते हे मानता का, पश्चात्ताप म्हणजे तुमच्या मते काय, कधी गंभीर गुन्हा केलाय का, गर्भपाताशी संबंध आला आहे का, आणि वरच्या आज्ञा पाळायला तयार आहात का. गुन्हा किंवा गर्भपात असेल तर विषय मिशन अध्यक्षांकडे (त्या भागातल्या मिशनरींच्या प्रमुखांकडे) जातो आणि वेळ लागतो. खरं तेच सांगा. मुलाखतीत ‘अजून तयार नाही’ म्हटलं तरी काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष दिवशी पांढरे कपडे देतात. ओले झाल्यावर पारदर्शक होणार नाहीत इतके जाड आहेत ना ते घालून बघा. सोबत आतले कोरडे कपडे, टॉवेल, कंगवा, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. केस लांब असतील तर घट्ट वेणी घाला. याला कारण आहे: अंग आणि कपडे पूर्ण पाण्याखाली जायला हवेत, दोन साक्षीदार ते बघत असतात, आणि वेणीचं टोक किंवा पायाचा अंगठा वर राहिला तर पुन्हा करावं लागतं. पाणी कंबरेएवढं असतं. बाप्तिस्मा देणारा डाव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरतो, तुम्ही डाव्या हाताने त्याचं डावं मनगट धरता. तो उजवा हात उंचावून तुमचं पूर्ण नाव घेतो आणि ठरलेली प्रार्थना म्हणतो. तिच्यातला एक शब्द चुकला तरी पुन्हा. मग तुम्ही उजव्या हाताने नाक दाबायचं आणि गुडघे वाकवून मागे जायचं. गुडघे ताठ ठेवले की पाय वर येतात. दुसऱ्यांदा करावं लागण्याचं नेहमीचं कारण तेच. नाव आधारवर आहे तसंच नोंदवा. नवं नाव घ्यावं लागत नाही.

टाकी नसेल तर समुद्र किंवा नदी चालते, पण जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र यासाठी नाहीच. इतर महिन्यांतही गजबजलेला किनारा टाळा. तिथे कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतो, आणि मग तुम्ही सांगण्याआधी गावाला कळतं.

एवढ्याने सभासदत्व पूर्ण होत नाही. नंतरच्या सभेत, साधारण लगेचच्या रविवारी, डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतात आणि पवित्र आत्म्याचं दान देतात. ते झाल्यावरच नोंद होते. तो रविवार चुकवू नका. चर्चच्या मंदिरातला (हे रविवारच्या सभेच्या जागेपेक्षा वेगळं) मोठा विधी त्यानंतर किमान एक वर्षाने. बंगळूरच्या अशा मंदिराची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली.

हे वाचणाऱ्या कॅथलिक तरुणांसाठी एवढंच: लहानपणीचा बाप्तिस्मा इथे धरत नाहीत, पुन्हा घ्यावा लागतो. आणि व्हॅटिकननेही २००१ मध्ये या चर्चचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचं जाहीर केलं आहे.

कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम २५ने श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आहे. काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट आहे, म्हणून बाप्तिस्मा गोव्याबाहेर घेणार असाल तर तिथल्या वकिलाला विचारून घ्या. वारशाची चिंता करू नका: गोव्याच्या कायद्यात आईवडिलांच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, मृत्युपत्रानेही तो सहज काढता येत नाही, आणि धर्म बदलणं हे त्याचं कारण ठरत नाही. दाखल्याचं मात्र गंभीरपणे घ्या. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल, तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ती सवलत फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. ख्रिस्ती झाल्यावर ती जाते. चर्चला जायचं आणि कागदावर हिंदू राहून दाखला वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साफ नाकारलं आहे. अनुसूचित जमातीला, म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप यांना, धर्माची अट नाही. इतर मागासवर्गात असाल तर राज्याच्या यादीत तुमच्या जातीपुढे काय लिहिलं आहे ते पाहा. शिष्यवृत्ती किंवा सरकारी नोकरीचा अर्ज मध्यावर असेल तर हे आधी तपासा, तारीख नंतर.

आणि नंतर मन बदललं तर? बिशप किंवा ब्रांच अध्यक्षांना सही केलेलं पत्र दिलं की नाव कमी करता येतं. परत यायचं झालं तर पुन्हा मुलाखत आणि पुन्हा बाप्तिस्मा.