नाचता न येणाऱ्या शिक्षिकेने नृत्य कसे शिकवावे?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली व दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळते. बहुतेक मुलांच्या घरी पावरी बोलली जाते, काहींच्या घरी अहिराणी. कलाशिक्षणाच्या तासाला नृत्यही घ्यावे असे मनापासून वाटते, पण मी स्वतः नृत्य शिकलेली नाही. संमेलनासाठी मोबाइलवर गाणे लावून नाच बसवणे, एवढाच माझा अनुभव. वर्गखोलीही लहान आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ताई, संमेलनाच्या नाचात हालचाली मोठ्यांनी ठरवलेल्या असतात आणि मुलांनी त्या पाठ करायच्या असतात, म्हणून ज्याला लवकर पाठ होते तो पुढच्या रांगेत जातो आणि बाकीचे मागे उभे राहतात. वर्गातल्या तासाला मात्र पुढची रांग नसावी. प्रत्येक मुलाने स्वतःच्या शरीराने हालचाल शोधावी, त्यातली एखादी निवडून पुन्हा तशीच करावी आणि दुसऱ्याची हालचाल लक्षपूर्वक पाहावी, एवढे साधले तरी तो तास नृत्याचा झाला. त्यासाठी आपल्याला नाचून दाखवावे लागत नाही. नेमका प्रश्न विचारता यावा लागतो, आणि ते सरावाने येते.

नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांच्या विचारातून इंग्लंडमधील शाळांत नृत्यशिक्षणाची जी पद्धत रुजली, तिचा गाभा चार साध्या प्रश्नांत मांडता येतो : शरीराचा कोणता भाग हलतो, कुठे हलतो, कसा हलतो आणि कोणाबरोबर हलतो. आपल्या मुलांनी कापूस वेचणी जवळून पाहिलेली असते, म्हणून तिथून आरंभ करावा. बोंडातून कापूस काढताना बोटे काय करतात, हे प्रथम बसल्या जागी फक्त हातांनी करायला सांगावे. मग तीच हालचाल खांद्यापासून, मग संपूर्ण शरीराने; आधी जमिनीलगत, नंतर डोक्याच्या वर; एकदा अगदी सावकाश, एकदा झटक्यात. कमरेची झोळी भरली की चाल कशी बदलते, हे विचारले की मुले आपोआप वजनाचा विचार करू लागतात, आणि माझ्या मते हा या तासातला सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण तिथे नक्कल संपते आणि शोध सुरू होतो. शेवटी दोघादोघांनी मिळून तीन हालचाली निवडाव्यात आणि क्रम न बदलता दोनदा कराव्यात.

या सर्वांच्या आधी मुलांना थांबणे शिकवा. डफलीची एक ठरलेली थाप पडली की जिथे असू तिथे स्थिर व्हायचे, हा नियम पक्का झाल्याशिवाय लहान खोलीत पुढे जाऊ नये. दप्तरे भिंतीलगत ठेवावीत, मुले अनवाणी असावीत, अर्ध्या वर्गाने हालचाल करावी आणि उरलेल्यांनी पाहून काय दिसले ते सांगावे. ‘छान केले’ एवढ्यावर त्यांना सोडू नये. वीस मिनिटे पुरेशी आहेत. मार्च-एप्रिलच्या उन्हात हा तास सकाळी पहिलाच घ्यावा. वाकणे, उडी मारणे, गिरकी घेणे यांसाठी पावरी आणि अहिराणी शब्द मुलांनाच विचारून फळ्यावर लिहावेत, म्हणजे सूचना समजली नाही म्हणून कोणी मागे पडणार नाही.

आपली तयारी म्हणून प्रत्येक तासाला दोनच मुलांचे बारकाईने निरीक्षण करून नोंद ठेवावी आणि दिलेली कृती आधी घरी स्वतः करून पाहावी. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शिक्षकांना अशा विषयांचे प्रशिक्षण देत आले आहे. त्याबद्दल आपल्या शिक्षण विभागाकडे जरूर चौकशी करावी.

एक विनंती आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावच्या होळीत मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधून नाचणाऱ्यांपैकी काही जण व्रत पाळून त्यात उतरतात. रंगीत कागदाचे टोप करून त्या नाचाची नक्कल शाळेत बसवू नये. गावातील जाणत्यांना बोलवावे, काय शिकवणे योग्य ते त्यांनाच ठरवू द्यावे आणि मुलांना त्यांच्या ढोलाचा ठेका पायांनी धरू द्यावा.

प्रश्न : पारोळा तालुक्यातील एक शिक्षक विचारतात की चौथीतील मुलगे ‘नाच मुलींचा असतो’ म्हणून तासाला उभेच राहत नाहीत, काय करावे?

उत्तर : सर, त्यांच्याशी वाद घालत बसू नये. सातपुड्यातल्या होळीत पुरुष रात्रभर ढोलावर नाचतात, हे त्यांना जरूर सांगावे, पण त्याहून जास्त उपयोग टिपऱ्यांचा होईल. भाद्रपदात आपल्याकडे मुली गुलाबाई या देवीच्या मूर्तीपुढे टिपऱ्या खेळतात. त्याच टिपऱ्या सर्वांच्या हाती द्याव्यात आणि चार मात्रांचा एक ठेका जोडीने रचायला सांगावा. त्यात मुलगे रमतात, कारण तिथे चूक लगेच ऐकू येते आणि ती जोडीदाराबरोबर दुरुस्त करता येते. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. तरीही जो मुलगा बसून राहील त्याला ठेका मोजण्याचे काम द्यावे आणि उठण्याचा आग्रह दोन-तीन आठवडे तरी धरू नये.