चष्मा बरोबर आहे, तरी ओळ का अडते?

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. शाळेतल्या तपासणीत डाव्या डोळ्याला प्लसचा मोठा नंबर निघाला. चष्मा लावूनही त्या डोळ्याने तक्त्यावरच्या 6/18 च्या (चांगला डोळा जी ओळ 18 मीटरवरून वाचतो, ती 6 मीटरवरून) पुढची ओळ वाचता येत नाही. डोळा निरोगी आहे म्हणतात. मग चष्माच चुकलाय का? सासूबाई म्हणतात, मोठा झाला की सुधारेल.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, चष्मा बदलायला पुन्हा खेटे घालू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आळशी डोळा वाटतो, आणि त्यातली अडचण डोळ्यात नसून डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असते. डाव्या डोळ्याकडून सुरुवातीपासून धूसर चित्र येत राहिलं, म्हणून तिथल्या पेशी उजव्या डोळ्याकडे झुकल्या. आता चष्म्याने चित्र स्वच्छ पोचतं, पण बारकावे वेचायला त्या पेशी अजून शिकलेल्या नाहीत.

माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा मी आधी एकेक सुटं अक्षर दाखवते. ते भराभर वाचतात. तेच अक्षर ओळीत आलं की अडखळतात, शेजारची अक्षरं त्यात मिसळतात. नुसता नंबर चुकला असता तर सुटं अक्षरही धूसरच दिसलं असतं.

सासूबाईंना ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांचा प्रयोग जरूर सांगा. त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण दृष्टिकेंद्रातल्या फारच थोड्या पेशी त्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरांत असं झालं नाही. या दोघांना 1981 साली नोबेल मिळालं. घडणीचं वय असतं ते हेच. सात-आठ वर्षांनंतरही सुधारणा होते, पण कमी आणि सावकाश. म्हणून थांबू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चष्मा दिवसभर हवा. काही आठवडे तो वापरूनही नजर अडली, तर डॉक्टरांना पट्टीबद्दल, म्हणजे चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावण्याबद्दल, विचारा. इतक्या नजरेला बहुधा रोज 2 तास पुरतात. पट्टी चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर, आणि कातडीलाच चिकटवायची. काचेवर लावली की मुलं फटीतून बघतात. त्या वेळात जवळचं काम द्या : बेदाण्यांचे देठ खुडणं, वर्तमानपत्रातल्या व, ब, क यांच्या पोटात रंग भरणं.

डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नका. पट्टीखालच्या डोळ्याची नजर उतरत नाही ना, हेही तेव्हा पाहतात. धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे आताच तपासून घ्या.