इंजिन बिघडल्यावरही उड्डाण का?

प्रश्न : धावपट्टीवर इंजिन बिघडले, तर वैमानिक लगेच ब्रेक का लावत नाहीत?

उत्तर : लावतात, पण ठरावीक वेगापर्यंतच. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी आणि वारा पाहून प्रत्येक उड्डाणाआधी ‘व्ही-वन’ हा निर्णयवेग काढतात. तो येताच कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात मुद्दाम काढून घेतो, कारण त्यापुढे उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेलच अशी खात्री नसते, उलट एका इंजिनावर ते सुरक्षितपणे वर चढू शकते. प्रवाशांना हे विपरीत वाटते खरे. २०१५ मध्ये लास व्हेगासला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ चे डावे इंजिन पेटले, तेव्हा वेग या मर्यादेच्या बराच खाली असल्याने कॅप्टनने उड्डाण सोडून दिले आणि सर्वजण जिवंत बाहेर पडले. व्ही-वननंतर मात्र आगीची घंटा वाजली, तरी आधी विमान सरळ ठेवून उंची गाठायची, चेकलिस्ट त्यानंतर.