तुमचे प्रश्न : झायलर वाचायचे तर कान उघडे ठेवा

मागच्या अंकात मी लुट्स झायलर या जर्मन कवी-कादंबरीकारांवर दीड पान लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. दोन पत्रांचा सूर नाराजीचा आहे. त्यांची उत्तरं मी जरा सविस्तर दिली आहेत, कारण त्या वाचकांनी पुस्तक विकत घेऊन मग तक्रार केली आहे.

ताई, तुमच्या लेखामुळे ‘क्रूझो’चा इंग्रजी अनुवाद मागवला. शंभर पानं झाली. नायक कांदे चिरतो, भांडी घासतो आणि मेलेल्या कोल्ह्याशी बोलतो. काळ 1989चा, पण बर्लिनच्या भिंतीचा पत्ताच नाही. पुढे काही घडतं का, की सोडून देऊ?

सोडू नका. फक्त ‘पुढे काय’ म्हणून वाचणं दोन दिवस थांबवा आणि एखादं पान मोठ्याने वाचून बघा. झायलर यांची ही पहिली कादंबरी 2014 साली आली, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. पहिला कवितासंग्रह 1995चा. मधली वीसेक वर्षं कविता, काही कथा आणि निबंध. अशा माणसाच्या गद्यात वाक्याचा ताल आधी येतो, घटना त्याच्या मागून येते.

नायक एड हा हाले शहरात जर्मन साहित्य शिकणारा विद्यार्थी. त्याची मैत्रीण ट्रामखाली गेली आहे. पुस्तकात तिचं पूर्ण नावसुद्धा येत नाही, नुसतं आद्याक्षर येतं. दुःखाबद्दल तो बोलत नाही. पण पाठ केलेल्या कविता, विशेषतः गेओर्ग त्राक्ल या ऑस्ट्रियन कवीच्या, त्याच्या डोक्यात आपसूक सुरू होतात आणि त्याला स्वतःचा विचारच करू देत नाहीत. ती कलकल थांबावी म्हणून तो बाल्टिक समुद्रातल्या, तेव्हा पूर्व जर्मनीत असलेल्या हिडनझे बेटावर जातो आणि ‘क्लाउस्नर’ नावाच्या खानावळीत भांडी घासायला लागतो. गरम पाणी, वाफ, सुरकुतलेले हात, मोरीत अडकलेला केसांचा आणि खरकट्याचा बुळबुळीत गोळा. (त्या गोळ्याला तिथली मंडळी ‘लुर्श’, म्हणजे बेडकाच्या जातीचा प्राणी, म्हणतात.) हे वर्णन पानोपान चालतं कारण एडला तेच बरं करतंय. झायलर यांनी स्वतः 1989च्या उन्हाळ्यात त्याच बेटावर हंगामी कामगार म्हणून काम केलं होतं. भांड्यांचं इतकं नेमकं वर्णन ग्रंथालयात बसून करता येत नाही.

आणि भिंत? स्वयंपाकघरातला रेडिओ आठवा. त्याचं नाव ‘व्हायोला’. त्यावर पश्चिम जर्मनीचं केंद्र सतत लागलेलं असतं, बातम्या येत राहतात आणि कुणी मान वर करून ऐकतही नाही. पण हंगेरीची सरहद्द उघडल्यावर, म्हणजे पश्चिमेला जायची वाट मोकळी झाल्यावर, क्लाउस्नरच्या जेवणाच्या टेबलावरची एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागते. तुम्ही अजून तिथपर्यंत पोचलेले नाहीत. मला विचाराल तर एका राज्याचा, पूर्व जर्मनीचा, अंत इतक्या हळू आवाजात दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मी ऐकलेला नाही.

मी एका सप्टेंबरात हिडनझेला गेले होते. र्युगेन बेटावरच्या शाप्रोडंहून बोट सुटते. बेटावर मोटारींना बंदी, त्यामुळे सायकली आणि घोडागाड्या. क्लोस्टर गावातून दीपगृहाकडे चढून गेले. क्लाउस्नर तिथेच वर, झाडीत. हवा स्वच्छ असेल तर तिथून, पूर्व जर्मन माणसाला जिथे जायची मुभा नव्हती त्या डेन्मार्कच्या, म्योन बेटाचे पांढरे खडूचे कडे दिसतात. मला दिसले नाहीत, नुसता करडा पट्टा दिसला. त्या पट्ट्याकडे बघत एका माणसाचं सबंध तारुण्य जाऊ शकतं हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. परत आल्यावर कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा घेतली.

मी इमारतींच्या कामावर मुकादम आहे आणि कविता करतो. झायलर आधी गवंडी होते असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. गवंडीकामातून कवितेकडे माणूस कसा येतो, आणि लिहून पोट भरतं का?

ती ओळ घाईत लिहिली गेली. तुमचं म्हणणं रास्त आहे.

झायलर यांचा जन्म 1963 सालचा, पूर्व जर्मनीतल्या गेरा शहरातला. शाळेनंतर बांधकामाचं रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी गवंडी आणि सुतार म्हणून काम केलं. घरात पुस्तकं होती, लहानपणापासून लिहायचे, अशी गोष्ट त्यांची नाही. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना ते वाचायला लागले आणि कविताही तिथेच सुरू झाली. मग हालेच्या विद्यापीठात जर्मन साहित्य आणि इतिहास, आणि 1990च्या सुमारास बर्लिन.

बर्लिनमधले ते पहिले महिने ‘श्टेर्न 111’ या 2020च्या कादंबरीत आले आहेत. ती तुम्ही वाचावी असं मला मनापासून वाटतं. नायक कार्ल गवंडी आहे आणि त्याला कवी व्हायचंय. भिंत उघडल्याबरोबर त्याचे आईवडील, पन्नाशीच्या आसपासची साधी माणसं, मुलाला घर सांभाळायला सांगून पश्चिमेला निघून जातात. साधारणपणे मुलं घर सोडतात, इथे आईबाप सोडतात. कार्ल वडिलांची झिगुली मोटार घेऊन बर्लिनला पळतो, थंडीत त्या गाडीतच झोपतो, परवान्याशिवाय टॅक्सी चालवतो आणि रिकाम्या घरांचा ताबा घेणाऱ्या एका टोळक्यात सामील होतो. त्या सगळ्यांत स्वप्नाळू लोक पुष्कळ, पण भिंत सरळ बांधता येणारा कार्लच. तळघरात त्यांची खानावळ उभी राहते ती त्याच्या हातांमुळे. झायलर यांनी स्वतःही ओरानिएनबुर्गर रस्त्यावरच्या ‘आसेल’ नावाच्या तळघरातल्या बारमध्ये वेटरचं काम केलं होतं.

कार्लच्या मनात कारागिरी आणि कविता यांचं भांडण नाही. ओळंबा सोडून बघावा तसा तो शब्द तपासतो. एक शब्द बसला नाही की अख्खा रद्दा उतरवतो. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, उलट तुम्हीच मला समजावून सांगाल.

पोटाचं म्हणाल तर 1997 पासून बरीच वर्षं पोट्सडामजवळच्या पेटर हूखेल भवनातल्या साहित्यिक कार्यक्रमांची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ‘क्रूझो’ला जर्मन पुस्तक पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम 25,000 युरो. 2023 साली गेओर्ग ब्युखनर पुरस्कार मिळाला. जर्मन भाषेतला हा सर्वांत मानाचा, 50,000 युरोंचा. पहिल्या कवितासंग्रहापासून तिथवर यायला अठ्ठावीस वर्षं लागली. तुम्ही नोकरी सोडू नका. लिहिणंही सोडू नका.

त्यांचं बालपणीचं गाव तुम्ही कुल्मिच म्हणून सांगितलंत. नकाशावर शोधलं, गाव मिळालं नाही. छापण्यात चूक झाली का?

चूक नाही. गावच नाही.

कुल्मिच हे थुरिंगेन या जर्मन प्रांताच्या पूर्व भागातलं खेडं. त्या पट्ट्यात युरेनियम सापडलं. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला अणुबाँबसाठी ते हवं होतं, आणि ‘विस्मुट’ या नावाच्या कंपनीमार्फत ते काढलं जाऊ लागलं. विस्मुट म्हणजे बिस्मथ, एक निरुपद्रवी धातू. काय खणतोय ते कळू नये म्हणून हे नाव. या कंपनीमुळे पूर्व जर्मनी जगातल्या सर्वांत मोठ्या युरेनियम उत्पादकांपैकी एक झाला. 1968 साली खाणीसाठी कुल्मिच जमीनदोस्त केलं गेलं. झायलर तेव्हा पाच वर्षांचे होते.

पाच वर्षांच्या मुलाला काय आठवत असेल? अंगण, विहिरीचा आवाज, कुणाचे तरी बूट. परत जाऊन पडताळून बघायला जागाच उरलेली नाही. मला वाटतं त्यांच्या कवितेत वास, आवाज आणि वस्तू इतक्या का आहेत याचं उत्तर इथे आहे. डोळ्यांनी पाहण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा बाकीच्या इंद्रियांनी गाव धरून ठेवलं.

2000 साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचं नाव ‘पेश उंट ब्लेंडं’. ‘पेशब्लेंडं’ हे युरेनियमच्या काळ्या खनिजाचं जर्मन नाव. हा शब्द जुन्या खाणकामगारांचा. चांदी शोधताना हा काळा दगड लागला की चांदीची शीर संपली असं ते समजत. आता झायलर यांनी काय केलं, तर तो शब्द मधोमध तोडला आणि मध्ये ‘आणि’ घातलं. ‘पेश’ म्हणजे डांबर, आणि दुर्दैवसुद्धा. ‘ब्लेंडं’ म्हणजे प्रकाश अडवणारी झडप, कॅमेऱ्यातली असते तशी. एका दगडाच्या नावातून दुर्दैव आणि अंधार वेगवेगळे बाहेर काढून समोर ठेवले. मराठीत हे कसं आणावं याच्यावर मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. ‘काळदगड’ असा एक शब्द जुळवला होता, पण तो तोडल्यावर दोन्ही तुकडे मुके होतात. नाव तसंच ठेवावं या मताला मी आले आहे.

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. तो फक्त गायगर यंत्राच्या टकटकीतून ऐकू येतो. ‘टुर्कझिब’ ही कथा बघा. तिच्यासाठी त्यांना 2007 साली ऑस्ट्रियातल्या क्लागनफुर्टला इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला. कझाकस्तानातून जाणाऱ्या आगगाडीत निवेदकाजवळ गायगर यंत्र आहे, आणि डब्याची शेगडी पेटवणारा माणूस त्याला जर्मन कवी हायनेची ‘लोरेलाय’ ही कविता म्हणून दाखवतो. एकीकडे टकटक, दुसरीकडे कविता. ‘क्रूझो’त रेडिओ आहे. ‘श्टेर्न 111’ हे नावसुद्धा पूर्व जर्मनीत बनणाऱ्या एका रेडिओचं आहे. हवेत काय पसरलंय ते सांगणाऱ्या यंत्राजवळ हा लेखक पुन्हा पुन्हा येऊन बसतो.

आज त्या भागातल्या खाणी बंद आहेत. 2007 साली गेरा आणि रोनेबुर्ग इथे जर्मनीचं राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन भरलं, त्याच उकरलेल्या जमिनीवर हिरवळ लावून.

मूळ जर्मन कवितांची पानं तुम्ही छापलीत त्यात नामांची पहिली अक्षरं लहान लिपीत आहेत. जर्मनमध्ये नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं असं आम्ही शिकलो.

बरोबर शिकलात. झायलर कवितेत मुद्दाम सगळं लहान अक्षरांत लिहितात. त्यामुळे नाम आणि क्रियापद एकाच उंचीवर येतात. कादंबऱ्या मात्र नेहमीच्या नियमांनी.

तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. पूर्व जर्मनीत माणसं सीमेवर मारली गेली. त्या राज्यातल्या उन्हाळ्यांची गोड आठवण काढणाऱ्या लेखकाचं कौतुक कशासाठी?

तुमचा राग मी समजू शकते. तशी गोड आठवण काढणारी पुस्तकं आहेत आणि मलाही ती आवडत नाहीत. पण ‘क्रूझो’ त्यातली नाही.

क्रूझो हे पात्र सोव्हिएत जनरलचा मुलगा. त्याची बहीण सोन्या लहानपणीच समुद्राच्या दिशेने गेली ती परतली नाही. म्हणून पळून जायच्या विचाराने बेटावर येणाऱ्यांना तो तीन दिवस आसरा देतो. गरम सूप, अंघोळ, झोपायला जागा. स्वातंत्र्य आपल्या आतच आहे, त्यासाठी समुद्रात उडी मारायची गरज नाही, हे त्याला त्यांच्या मनात रुजवायचंय. हा विचार सुंदर आहे आणि धोक्याचाही. दोन्ही बाजू झायलर यांना दिसतात. त्या राज्याला असा माणूस गैरसोयीचा होता की सोयीचा, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि लेखक त्याचं उत्तर देऊन आपल्याला मोकळं करत नाही.

शेवटी एक उपसंहार आहे. तो वगळून कुणी या पुस्तकाबद्दल बोलू नये. बऱ्याच वर्षांनी एड कोपनहेगनला जातो, बाल्टिक पोहून किंवा होडीने पार करताना बुडालेल्यांचा शोध घेत. डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागलेली, नाव न कळलेली प्रेतं. कागदपत्रं, कपाटं, थडगी. इतकी पानं लयीत चाललेलं गद्य इथे अचानक कोरडं होतं, पोलीस नोंदीसारखं. ज्यांना कुणी मोजलं नाही त्यांना मोजायला निघालेला माणूस गोड आठवणी काढत नाही.

आणखी एक सांगते. मघाशी ज्या हूखेल भवनाचा उल्लेख आला ते विल्हेल्म्सहोर्स्ट गावात आहे. कवी पेटर हूखेल ‘झिन उंट फॉर्म’ या द्वैमासिकाचे 1949 पासून संपादक होते. राज्यकर्त्यांना ते नको तितकं मोकळं वाटलं, 1962 साली त्यांना जावं लागलं. पुढची नऊ वर्षं ते याच घरात जवळजवळ एकटे होते, पाळतीखाली, 1971 साली देश सोडायची परवानगी मिळेपर्यंत. झायलर त्या घरात राहिले, तिथे लिहिलं, आणि इतरांच्या कवितांसाठी ते उघडं ठेवलं. मी तिथे एकदा काव्यवाचनाला गेले होते. स्टेशनवरून चालत जाता येतं, दोन्ही बाजूंना पाइनची उंच झाडं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण जिन्यावर बसले होते. एकेकाळी ज्या दाराशी कोण येतं याची नोंद ठेवली जायची, ते दार त्या संध्याकाळी उघडंच होतं आणि उशिरा आलेली माणसं सरळ आत येत होती.