वायनरीत काम करणाऱ्या बाईला "हे पुरुषांचं काम" म्हणून डावललं, शिवाय अंगाला हात लावला, तर नेमकं काय करावं? (नाशिक)

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: टेस्टिंग रूममधले (पाहुण्यांना वाईन चाखायला देतात ती खोली) पाहुणे "जरा सरांना बोलवा" म्हणतात, क्रशच्या वेळी (द्राक्षं चिरडून वाईन करायला घेण्याचा हंगाम) सेलरचं, म्हणजे वाईनच्या टाक्या-पिंपांकडचं काम तुम्हाला मिळत नाही, आणि एक वरिष्ठ लगट करतो. तिन्ही एकाच अर्जात घालू नका, मुख्य तक्रार पातळ होते.

पाहुण्यांचं त्यातल्या त्यात सोपं. सर आलेच तर त्यांनी "ह्यांनाच विचारा" एवढं म्हणून निघून जायचं, हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर बहुतेक सर तिथेच दहा मिनिटं व्याख्यान देतात. वाईनची चव घ्यावी लागली तर थुंकाच, तो कामाचाच भाग आहे. पुढे काही झालं तर "बाईसुद्धा प्यायल्या होत्या" हे वाक्य हमखास येतं. कुणी हात लावला तर ओतणं थांबवा, बाटली खाली ठेवा, मॅनेजरला बोलवा. पाहुणा आहे म्हणून सोडून द्या, असं मालकाला म्हणता येत नाही. बाहेरून येणाऱ्या माणसांपासून संरक्षण देणं 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं (पॉश) त्याच्यावर बंधनकारक आहे.

खरं नुकसान सेलरमध्ये होतं. नाशिककडे क्रश साधारण जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत पंप-ओव्हर (टाकीतला रस खालून पंपानं वर सोडणं), रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या टाकीत घेणं), यीस्ट घालणं ज्याच्या हातून होतं, तोच पुढे असिस्टंट वाईनमेकर होतो. बाईच्या वाट्याला दरवर्षी लॅब नाहीतर टेस्टिंग रूम. "बॅरल (वाईनचं लाकडी पिंप) जड असतं" हे कारण तर हसण्यासारखं आहे. 225 लिटरचं भरलेलं बॅरल पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. ते कुठलाच गडी उचलत नाही, फोर्कलिफ्ट उचलते. रात्रपाळीचंही तसंच: तुमची संमती असेल आणि सुरक्षेची, घरी सोडायची सोय असेल तर देता येते.

म्हणून डिसेंबरमध्येच ई-मेल करा. "मला सेलरमध्ये संधी द्या" असं मोघम नको. "अमुक दोन टाक्या द्राक्ष उतरवण्यापासून रॅकिंगपर्यंत माझ्याकडे द्या" असं लिहा. मिळाल्या की रोजच्या ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि तापमानाच्या नोंदीखाली सही तुमचीच हवी. नकार आला तर कारण लेखी मागा. नुसता कामवाटपातला भेदभाव पॉश कायद्याखालच्या तक्रार समितीकडे चालत नाही, त्यामुळे हा कागद वेगळा ठेवा.

आता तो वरिष्ठ. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नसतील इतक्या स्त्रिया, एक बाहेरचा सदस्य. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. लहान वायनरीतल्या बायकांना हे माहीत नसतं आणि त्या एचआरच्या तोंडी आश्वासनावर थांबतात. रोजंदारी, कंत्राटी, इंटर्न, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. डिस्ट्रिब्युटरबरोबरचं कामाचं डिनरही कामाची जागाच.

मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. क्रश संपू दे मग बघू, म्हणत तोच वेळ जातो. अर्जाच्या सहा प्रती, सोबत व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. मूळ मेसेज पुसू नका. चौकशी चालू असताना त्याच्या हाताखालून बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमचं मूल्यमापन त्यानं लिहू नये, हे मागता येतं. पण लेखी मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. मधेच "समजुतीनं मिटवू" असं सांगतील. समेट फक्त तुम्ही मागितला तरच होतो, आणि पैशांच्या बदल्यात होऊच शकत नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यानं तक्रार खोटी ठरत नाही, तेव्हा "खोट्या तक्रारीबद्दल कारवाई करू" या धमकीला भिऊ नका. पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम 75 आहे. समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही.