तेच पोलाद, कधी चिवट तर कधी ठिसूळ

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. नव्या कामात जहाजाची ‘डी’ ग्रेडची प्लेट आणि उणे २० अंशांवरची चार्पी चाचणी (खाच पाडलेला नमुना घाव घालून तोडायचा आणि त्याने किती ऊर्जा शोषली ते मोजायचे) मागितली आहे. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये भाव काढला, तर ती महाग पडते. ‘ए’ ग्रेडची प्लेटही ताणचाचणीत भरपूर लांबूनच तुटते आणि आपल्याकडचा समुद्र तर कधी गोठत नाही. मग हा जादा खर्च कशासाठी?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ताणचाचणीत गुळगुळीत नमुना खोलीच्या तापमानाला सावकाश ओढला जातो. त्यामुळे तो मध्येच बारीक होतो आणि त्याचा तुटलेला भाग मळकट, तंतुमय दिसतो. त्याच पोलादाला खाच पाडून, थंड करून एकदम घाव घातला, तर ते जवळजवळ न वाकता तुटते आणि तुटलेला भाग फोडलेल्या खडीसाखरेसारखा चकाकतो. फुटलेल्या प्लेटवर इंग्रजी ‘व्ही’सारख्या खुणा दिसल्या, तर त्यांची टोके तडा जिथे सुरू झाला त्या दिशेला असतात.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज, सागरी चाचण्या आटोपून शांत पाण्यात धक्क्याला बांधलेले असताना, मोठ्या आवाजासह मधोमध फुटले. आधी ठपका वेल्डिंगवर आला, जो माझ्या मते अर्धाच रास्त होता. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा प्लेटच्या कडेशी थांबतो. वेल्ड केलेल्या जहाजात त्याला पुढे जायला सलग पोलाद मिळते. पण विशिष्ट तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होते, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले. त्या काळच्या जहाजांत सदोष वेल्ड आणि हॅचचे (डेकवरील मालाच्या दाराचे) चौकोनी कोपरे यांनी तड्याला फक्त सुरुवात करून दिली.

म्हणूनच साध्या ताकदीच्या जहाजी पोलादात ‘बी’ ग्रेडने शून्य, ‘डी’ने उणे २० आणि ‘ई’ने उणे ४० अंशांवर किमान २७ ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. उणे २० म्हणजे समुद्राचे तापमान नव्हे. चार्पीचा नमुना जेमतेम १० मिलिमीटर जाडीचा असतो. खऱ्या जाड प्लेटमध्ये खाचेपुढच्या पोलादाला आजूबाजूने आकसत ताणले जायला वाव कमी मिळतो, त्यामुळे ती त्याहून उबदार पाण्यातही ठिसूळपणे फुटू शकते. शिवाय इथे बांधलेले जहाज उद्या कुठल्या थंड बंदरात जाईल, हे कोणी सांगावे?

तेव्हा ‘डी’च घ्या आणि प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (पोलाद भट्टीच्या कोणत्या घाण्यातले आहे, त्याचा क्रमांक) प्लेटवरच्या नंबराशी जुळवून पाहा. गॅसकटिंगने कडेला राहिलेली खाच मात्र ग्राइंड करून गुळगुळीत करा, कारण ती तशीच राहिली, तर महाग प्लेटचा निम्मा फायदा तिथेच वाया जातो.