अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर आणि सुरतेची वखार

प्रश्न : बुऱ्हाणपूरचे कापड नंदुरबार-नवापूरच्या वाटेने सुरतेला जाई व तेथील वखारीत वलंदेज (डच) ते विकत घेत, असे आमच्याकडील जुनी मंडळी सांगतात. त्या कंपनीचे मालक कोण होते? शहराचा कारभारी आणि व्यापारी एकच असे, हे खरे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : होय, खरे आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार १७ संचालकांचे मंडळ पाही. त्यांपैकी ८ जागा एकट्या अ‍ॅमस्टरडॅमच्या होत्या आणि त्या शहराची सत्ता ज्या मोजक्या घराण्यांकडे होती, त्यांच्यातलेच लोक या जागांवरही बसत. नगरसभेचे ३६ सभासद तहहयात असत व रिकामी जागा उरलेले सभासदच भरत, त्यामुळे सत्ता नात्यागोत्यातच फिरत राही. बाजार समितीचा सभापती आणि गावातला सर्वांत मोठा कापूस व्यापारी एकच असावा, तसा हा प्रकार होता.

त्या शहराचे महापौर निकोलास विट्सन (१६४१–१७१७) यांचेच पाहा. वडीलही महापौर होते. निकोलास तरुणपणी डच वकिलातीबरोबर मॉस्कोला जाऊन आले, १६७१ मध्ये जहाजबांधणीवर ग्रंथ लिहिला, १६८२ ते १७०६ या काळात १३ वेळा महापौर झाले आणि १६९३ पासून कंपनीचे संचालकही होते. १६९७ मध्ये रशियाचा झार पीटर जहाजबांधणी शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला आला, तेव्हा त्याची व्यवस्था त्यांनीच लावली. हा मनुष्य खरोखर व्यासंगी होता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्या व्यासंगाची दुसरी बाजू कॉफीच्या रोपांत दिसते. विट्सन यांच्या आग्रहावरून १६९६ मध्ये मलबारातून जावाला रोपे गेली. ती पुरात वाहून गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा पाठवली आणि ती मात्र तगली. पुढे जावाच्या डोंगराळ भागातील रयतेला कॉफी लावणे व कंपनी ठरवील त्या भावाने तिच्याच पदरात घालणे भाग पडले. दुसरीकडे, दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम वसाहतीची एक तृतीयांश मालकी १६८३ पासून खुद्द अ‍ॅमस्टरडॅम शहराकडे होती आणि तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. म्हणजे विट्सन महापौराच्या खुर्चीत बसत, तेव्हाही त्यांच्यापुढे वसाहतीचाच हिशेब असे.